चोवीस तासांच्या आत

५ ऑगस्ट

थोरल्या,

तुझा निरोप धाकटीच्या फोनवर आला. तिने तो वाचून दाखवला. मग मी फोन मागून घेतला आणि स्वतः वाचला, कारण तुझी बहीण वाचताना मधली वाक्यं गाळते. गाळलेलं वाक्य होतं, “त्यांना म्हणावं, निदान एवढं तरी करा.” त्यांना म्हणजे मला. ठीक आहे.

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून कागदावर लिहिते. पत्र उघडायचं की नाही ते तुझ्या हातात, पण ते वाजत राहत नाही, एवढी सोय आहे.

तुझं म्हणणं मला असं समजलं. गेल्या नोव्हेंबरात तू बाबांना बघायला आलास तेव्हा तुझा पासपोर्ट तिकडचा झाला होता. म्हणजे कायद्याने तू परदेशी पाहुणा. ज्या घरी उतरलास त्या घरमालकाने चोवीस तासांच्या आत तुझी नोंदणी करायला हवी होती. ती झाली नाही. परत जाताना विमानतळावर विचारलं तेव्हा तू “नोंदणी झाली आहे” असं लिहून खाली सही केलीस. म्हणून तुझ्या नावापुढे ‘खोटे निवेदन’ असा शेरा पडला, आणि आता बायको-मुलीला घेऊन यायचं म्हणून अर्ज केलास तर पाच वर्षं येता येणार नाही असं उत्तर आलं. शेरा निघायचा असेल तर चूक यजमानाची होती असं यजमानाने लिहून द्यायला हवं. यजमान म्हणजे बाबा. ते नाहीत, म्हणून मी. आणि मी असं लिहावं की ते आजारी होते, विसरले.

लिहून देते. उद्या नाही, परवा. उद्या दोन नंबरच्या खोलीचा नळ बघायला माणूस यायचा आहे.

मार्चमध्ये तू फोनवर म्हणालास, “बाबांनी सगळ्या जगाचे फॉर्म भरले आणि नेमका माझा विसरले,” आणि मी फोन ठेवून दिला. तू समजलास, मला त्यांच्याबद्दल वाईट ऐकवलं नाही. तसंच समज.

इकडे सगळं चालू आहे. वरच्या पाहुण्यांच्या चार खोल्यांपैकी तीन भरलेल्या आहेत. दोन नंबरमध्ये नदीवरच्या पुलाचं काम बघायला आलेला परदेशी इंजिनिअर आहे. तीन महिने राहणार. सकाळी कोरडा पाव खातो आणि पाव खाताना पुलाच्या नकाशाकडे बघून मान हलवतो. पुलाचं काही खरं दिसत नाही.

आई

१९ ऑगस्ट

थोरल्या,

नोंदणी कार्यालयात जाऊन आले. ते आता नव्या इमारतीत गेलंय, तिसऱ्या मजल्यावर. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. एक जण उठला की सगळी रांग हलते. मी चार तास हलले.

तुझं काम ज्यांच्याकडे आहे त्या बाई माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असतील. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर. कागद वाचायचा असला की अदलाबदल करतात.

“परदेशी कोण?” त्यांनी विचारलं.

“मुलगा.”

“मुलगा परदेशी कसा?”

“झाला.”

त्या हसल्या. “काकू, मुलं काय काय होतात. माझा शाकाहारी झालाय.”

मग त्यांनी तुझी फाईल उघडली. तुझा विमानतळावरचा जबाब त्यात आहे. मी उलटा वाचला. मला उलटं चांगलं वाचता येतं. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं वाचन गल्ल्याच्या या बाजूला बसून झालं. पाहुणा तिकडून फॉर्म भरायचा आणि मी इकडून अक्षरं लावायचे. तू लिहिलं आहेस, “माझ्या वडिलांनी नोंदणी केली आहे. माझ्या आईने फोनवर तसे सांगितले आहे.” अक्षर घाईचं आहे, पण ओळ सरळ आहे.

बाई म्हणाल्या, “मालक वारले ना? मग सोपं आहे. गेलेल्या माणसावर कारवाई होत नाही. आजारपणामुळे राहून गेलं असं लिहून द्या. मुलाने घरच्यांच्या भरवशावर सही केली, त्याचा दोष नाही. शेरा निघेल. परदेशी पाहुणे ठेवायचा परवाना तुमच्या नावावर करून घ्या, तोही अर्ज देते. आणि येताना वही आणा.”

“कुठली?”

“पाहुण्यांची हो. तुमच्याकडची ती हाताने लिहायची मोठी. त्यात त्या तारखेला मुलाची नोंद नसेल. नोंद नाही म्हणजे विसरले हे दिसतंच. मला वर दाखवायला काहीतरी लागतं.”

मी बरं म्हटलं आणि आले.

तुला सांगायचं ते हे, की वही सापडत नाही. बाबा गेल्यावर धाकटीने घर आवरलं, त्यात कुठेतरी गेली असेल. वही नाही म्हणून काम अडेल असं नाही. धाकटी म्हणते, हरवली असं सरळ सांगून टाक. पुढच्या आठवड्यात जाईन.

नळ अजून गळतो. तो माणूस आला, नळाकडे बघून “हा असाच राहणार” म्हणाला आणि चहा घेऊन गेला.

आई

२ सप्टेंबर

थोरल्या,

वही हरवलेली नाही. ती गल्ल्याखाली आहे, नेहमीच्या जागी. मी तुला खोटं लिहिलं. मध्ये पंधरा दिवस गेले. त्यात मी कार्यालयात गेले नाही. पाय दुखत होते असं धाकटीला सांगितलं. पाय बरे आहेत.

वहीत तुझी नोंद आहे. बाबांच्या हातची.

तू गुरुवारी सकाळी आलास. मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून, बॅग हातात, आणि पहिलं वाक्य “आई, गिझर चालू आहे का?” तू आंघोळीला गेलास तेव्हा बाबांनी मला तुझा पासपोर्ट आणायला सांगितला. मी म्हटलं, राहू द्या, पोरगा आत्ता येतोय. ते म्हणाले, “पोरगा आहेच. पासपोर्ट तिकडचा आहे. आण.”

तुला त्यांची पद्धत माहिती आहे. पाहुणा दारात उभा असो, पावसात भिजलेला असो, आधी वही, मग किल्ली. तुला किल्ली लागणार नव्हती, पण वही त्यांनी सोडली नाही. दोन उशांना टेकून मांडीवर घेतली. हात इतका कापत होता की तुझं नाव दोन ओळींत गेलं. पासपोर्टचा नंबर मी वाचला, त्यांनी लिहिला, मग त्यांनी वाचला आणि मी तपासला. ‘भेटीचे कारण’ या रकान्यात ते पर्यटन लिहायचे, नाहीतर काम. तिथे त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग लिहिलं, ‘घर’.

मी म्हटलं, “असं चालतं का?”

म्हणाले, “साहेब विचारायला आला तर मी बघून घेईन.”

ती त्यांची शेवटची नोंद. त्यापुढच्या सगळ्या माझ्या अक्षरात आहेत.

तेव्हा ते विसरले नव्हते. वहीतलं कॉम्प्युटरवर भरून कार्यालयाला पाठवणं दोन वर्षांपासून माझं काम होतं. मी बसले. सगळे रकाने भरले. शेवटी ‘यजमानाशी नाते’ आलं. तिथे आपल्याला लिहिता येत नाही, यादीतून निवडावं लागतं. ग्राहक, मित्र, नातेवाईक, इतर. मी ती यादी खालीवर केली. त्यात मुलगा नव्हतं. मी तो फॉर्म तसाच ठेवला.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, “गेला का?”

“गेला.”

दुसऱ्या दिवशी विचारलं, “पोच आली?”

“आली.”

“दाखव.”

“प्रिंटर बिघडलाय.”

प्रिंटर चालू होता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता असं म्हणू, किंवा त्यांना तोवर ग्लानी येऊ लागली होती असं म्हणू.

हे मी काल धाकटीला सांगितलं. ती पलंगावर चादरींच्या घड्या घालत होती. घडी हातातच राहिली. मग म्हणाली, “सांगितलंस ते सांगितलंस, आता दादाला सांगू नकोस. कार्यालयात तर अजिबात नाही.”

“वही मागितली आहे.”

“हरवली ना ती? तूच म्हणालीस.”

“हरवलेली नाही.”

“मग हरव! एक वही हरवता येत नाही तुला? आई, बाबांना काय फरक पडणार आहे आता? ते विसरले म्हटलं तर दादा येतो, तुझी खोल्यांची कामं चालू राहतात, पोरगी तुला भेटते. कुणाचं काय जातं, सांग ना.”

मी पुढची चादर तिच्या हातात दिली. ती म्हणाली, “तुझं हे असंच. बाबांनी तुला बिघडवून ठेवलंय.” मग रडली आणि रडत रडत सगळ्या चादरींच्या घड्या घातल्या. चांगल्या घातल्या.

तर यादीत मुलगा नव्हतं म्हणून फॉर्म राहिला. एवढंच कारण.

आई

९ सप्टेंबर

थोरल्या,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. यादीत नातेवाईक होतं. मला नातेवाईक निवडता आलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवडलंही असतं. वाचनालयातल्या कादंबऱ्यांत माणसं एका पत्रात सगळं कबूल करून मोकळी होतात. मला हे चौथं पत्र आहे.

खरं कारण असं. तुला चार नंबरमधली परदेशी बाई माहीत नसेल, ती तू यायच्या आदल्या वर्षी होती. पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करत हिंडायची. आपल्याकडे यायच्या आधी ती कुठल्याशा दुसऱ्या लॉजवर राहिली होती आणि त्या मालकाने तिची नोंदणी केली नव्हती. जाताना तिला विमानतळावर अडवलं. चौकशी होईपर्यंत आठ दिवस जाऊ दिलं नाही. ते आठ दिवस ती परत आपल्याकडे येऊन राहिली. बाबा त्या लॉजवाल्याच्या नावाने जेवताना रोज शिव्या द्यायचे. मी मात्र लक्षात ठेवलं, आठ दिवस.

तू आंघोळीला गेला होतास तेव्हा पासपोर्टात तुझं परतीचं तिकीट घडी घालून ठेवलेलं होतं. मी तारीख वाचली. डॉक्टरांनी मला जे सांगितलं होतं त्याचा हिशेब मनात केला. हे जातील, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांनी तू जाशील. तसंच झालं. ते शनिवारी गेले, तू बुधवारी निघालास. चार दिवस घरात माणसं होती. पाचवा दिवस कसा असतो ते मला माहीत नव्हतं. म्हणून मला ते आठ दिवस हवे होते.

मी तुला थांब असं तोंडाने म्हणू शकले असते. म्हटलं नाही. तू नाही म्हणाला असतास. तुझी रजा संपली होती, ते मला कळत होतं. सरकारने अडवलं असतं तर तुला नाही म्हणता आलं नसतं.

तू निघालास आणि मी तुझ्या पलंगावरची चादर बदलली. नवी घातली. जेवण दोघांचं टाकलं. दुपारी तुझा फोन आला, “आई, इथे म्हणतात नोंदणीच नाही. बाबांनी फॉर्म भरला होता ना? नक्की?” त्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की आता हा परत येतो. मी म्हटलं, “भरला होता की. बाबा कधी विसरतील का?” त्यावर तू सही केलीस.

तुला अकरा तास एका खोलीत बसवलं आणि मग दुसऱ्या विमानाने जाऊ दिलं. नियम बदलला होता. आता अडवून ठेवत नाहीत, शेरा मारतात. नव्या नियमाचं परिपत्रक गल्ल्यावरच होतं, बाबांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांखाली. ते मी तू गेल्यावर वाचलं. इतकी वर्षं आलेला प्रत्येक कागद वाचला आणि हा एक राहिला.

मार्चमध्ये मी फोन ठेवला तो यासाठी. तू त्यांना बोलत होतास आणि ते माझं होतं.

आज कार्यालयात गेले. पिशवीत वही होती आणि दोन कागद होते. एकात ते विसरले असं लिहिलं होतं, एकात मी मुद्दाम पाठवला नाही असं. दोन्ही माझ्याच अक्षरात, दोन्हीवर सही. रांगेत बसेपर्यंत मी ठरवलेलं नव्हतं. बाईंनी आधी वही मागितली. पानं उलटत गेल्या. सवय असेल, पण त्यांनी आलेली तारीख आणि पाठवलेली तारीख अशी बोटाने जुळवायला सुरुवात केली. म्हणाल्या, “काकू, एकोणीस वर्षांत एक दिवस इकडचा तिकडे नाही हो. आमच्या साहेबांचा हजेरीपट असा नाही.” मग तुझी नोंद आली. डोक्यावरचा चष्मा नाकावर आला.

“ही तर आहे.”

“आहे.”

“मग विसरले कुठे?”

मी दुसरा कागद दिला. त्यांनी वाचला. परत वाचला. आवाज खाली करून म्हणाल्या, “हे कशाला दिलंत? नोंद दिसली तरी काहीतरी मार्ग काढला असता. आजारी माणूस, वहीत लिहिलं, पुढचं राहिलं.”

“त्यांचं राहिलं नाही. माझं राहिलं.”

“राहिलं असं लिहा ना मग. मुद्दाम कशाला लिहिता? मुद्दाम लिहिलं की मला परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवावा लागतो.”

“मुलाने खोटं सांगितलं असा शेरा आहे. ते खोटं कुणाचं होतं हे कुठेतरी लिहिलेलं पाहिजे.”

“मुलाला माहितीय?”

“आज लिहीन.”

त्यांनी कागदावर शिक्का मारला आणि मला पोच दिली. दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, “जिन्याने नका जाऊ, लिफ्ट आहे.”

मी तुझी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

आई

२१ ऑक्टोबर

थोरल्या,

धाकटीकडे तुझा निरोप आला. “पत्रं मिळाली.” या वेळी गाळण्यासारखं काही नव्हतं.

निकालाचे दोन कागद आले आहेत. एकाची प्रत सोबत जोडली आहे, तुझ्या अर्जाला लाव. ‘खोटे निवेदन’ हा शेरा काढून टाकला आहे. ‘सदर व्यक्तीने यजमानाने दिलेल्या चुकीच्या माहितीवर विसंबून निवेदन केले’ असं लिहिलं आहे. तुला कधीही येता येईल. तिघांनाही.

दुसरा कागद माझा. परदेशी पाहुणे ठेवण्याचा परवाना रद्द. इंजिनिअर गेल्या सोमवारी दुसरीकडे राहायला गेला. जाताना त्याने नळ दुरुस्त करून दिला. पुलाचं काम थांबलंय, म्हणाला, म्हणून वेळ होता. इकडचे पाहुणे ठेवता येतात. दोन खोल्या चालतील, दोन बंद ठेवीन. मला तेवढं पुरतं.

कागदात एक ओळ होती ती मला नीट कळली नाही, म्हणून मी बाईंकडे जाऊन आले. ‘सदर पत्त्यावर कोणत्याही परदेशी नागरिकास मुक्कामास ठेवता येणार नाही.’ मी विचारलं, कोणत्याही म्हणजे मुलगा असला तरी?

“पासपोर्ट कुठला?”

मी सांगितलं.

“मग परदेशीच. काकू, मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंत. आणि मुक्काम म्हणजे किती?”

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. चष्मे बदलले. “मुक्काम म्हणजे रात्रीचा. दिवसा तुमच्या घरी कोण येतं, काय खातं, किती वेळ बसतं, त्याच्याशी आमचा संबंध नाही.”

येताना मी पलीकडच्या रस्त्यावरच्या लॉजमध्ये गेले, चावीवाल्याच्या दुकानावर आहे ते. पहिल्या मजल्यावरची खोली बघितली. तिघांना होईल. खिडकी रस्त्यावर उघडते, गाद्या बऱ्या आहेत, न्हाणीघर स्वच्छ आहे. मालक नवखा आहे. फॉर्म कसा भरतो ते दाखव म्हटलं, तर आधी रागावला, मग दाखवला. दोन चुका करत होता, त्या सांगितल्या. तुमची नोंदणी तो करेल. तुम्ही आलात की मी त्याच्या समोर बसून करून घेईन.

यायचं की नाही ते तू ठरव. लॉजपासून आपलं दार चालत सात मिनिटं आहे, लहान मुलगी असली तर दहा. मी सहाला उठलेली असते. सकाळी या, दिवसभर राहा, हवं तर दुपारी झोपा. अंधार पडायला लागला की जा.

मी थांब म्हणणार नाही.

आई